शंभरातून सात

डॉक्टरीण म्हणाली, शंभरातून सात गेले, किती?
त्र्याण्णव.
त्यातून सात?
शहाऐंशी.
त्यातून —
मी खिडकीकडे बघितलं,
जणू पुढचा आकडा बाहेरच्या लिंबावर बसला होता
आणि आत्ताच उडाला.

मी, प्रभावती बुऱ्हाणपुरे,
ट्रंक बोर्डावर एकतीस वर्षं.
सियागंजच्या पेढ्या, छावणीची धान्यमंडी
सगळं इंदूर चार-चार आकड्यांत पाठ होतं मला,
डायरी न उघडता.
तेव्हा साखर पोह्यांशेजारच्या जिलबीत असायची.
आता रक्तात आहे, चौदा वर्षं.

पाय सुन्न करते, डोळे अधू करते, ठाऊक होतं.
वर डोक्यातही शिरते म्हणे,
मुंगीसारखी, डब्याचं झाकण लावलेलं असताना.
व्यायाम करा, म्हणाली.
मी गुडघे दाखवले, रस्त्यावरचे टेम्पो सांगितले.
मग घरातच करा. खुर्ची आहे ना?

खुर्ची आहे. यांची.
हात घासून गुळगुळीत झालेले.
त्या हातांना हात न लावता उठायचं,
हात न लावता बसायचं.
पहिल्या दिवशी चार.
चौथ्याला अशी आदळले
की खालून जैनांची सून ओरडली,
आंटी, कुछ गिरा क्या?
म्हटलं, हां बेटा, मैं ही.

ओट्याला धरून टाचा वर,
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत.
भिंतीला तळवे लावून भिंत ढकलायची
(हलत नाही. संसारात सवय झालेली आहे).
दोन हातांत पाण्याच्या दोन बाटल्या,
नर्मदेच्या, दिवसाआड येणाऱ्या.
उपाशीपोटी मात्र नाही.
एकदा हात थरथरले, ओटा लांब गेला,
तेव्हापासून गाऊनच्या खिशात खडीसाखर.

याने विसरणं थांबेल?
थांबेलच असं नाही, म्हणाली. लांबेल, कदाचित.
खोटं बोलली नाही, म्हणून करते.

आणि उठताबसताना तोंडाने काही म्हणा,
भाज्या म्हणा, क वरून गावं म्हणा,
डोक्यालाही घाम आला पाहिजे.
मी नंबर म्हणते.
उठताना नंबर, बसताना माणूस.
चार एक सात दोन: वेलदोडेवाले झमकलाल.
पाच तीन शून्य नऊ: बर्फाचा कारखाना,
मे महिन्यात कायम एंगेज.
सहा सहा एक चार:
स्नेहलतागंज. एक बाई.
रोज रात्री नऊला भोपाळ मागायची,
आणि लागलं की बोलायची नाही.
तिकडूनही कोणी बोलायचं नाही.
तीन मिनिटं. मग मी तोडायची.
पैसे भरायची वेळेवर.

नंबर होता, आवाज होता, नाव गेलं होतं.
किसणीचं गेलं तसं, धाकट्या नातवाचं गेलं तसं,
भर पंगतीत.

काल अकराव्या वेळेला
खुर्चीपासून वीतभर वर,
मांड्या कापतायत, बाटल्या हातात,
तिचं नाव आलं.
आडनावासकट.
मी तशीच थांबले, अर्धी उठलेली,
खाली बसले तर सांडेल म्हणून.

मुलाने विचारलं, काय गं, काय आठवलं?

सांगितलं नाही.
ऑपरेटरला परवानगी नसते.