साडेसहा किलो

पहाटे पावणेपाचला पाणी यायचं
आणि भिंतीत कुणीतरी ठोकायचं.
ठक्. मग थांबून, ठक् ठक्.
भिंत सामाईक. पलीकडे कणसे मास्तर,
चित्रकलेचे, निवृत्त, एकटे.
मी चिठ्ठी लिहून दाराच्या फटीतून सरकवली:
'पहाटे फ्रेमा टांगू नयेत.'
उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर, वळणदार अक्षरात:
'खिळे आपणच ठोकता. मी झोपलेला असतो.'
दोन वर्षं फाटकापाशी
आम्ही फक्त एकमेकांच्या चपला पाहिल्या.

दरम्यान वॉशर गेले. बदलले, पुन्हा गेले.
फ्लशची टाकी रात्रभर शीळ घालायची,
बेसिनचा नळ उघडला की बनियन भिजायचा,
गिझरखाली वाटी, दिवसाला एक भरायची.
मी म्हणायचो, हल्ली मालच हलका येतो.

शेवटी दस्तगीर मुलाणी आला, पाणी असताना, सहाच्या आत.
पिशवीतून घड्याळासारखं काहीतरी काढून
अंगणातल्या नळाला पिळलं.
"समदे नळ बंद करा. मोरीतला बी."
काटा चढत गेला, साडेसहावर थरथरत थांबला.
"घराला तीन किलो बास. ह्ये दुपटीच्या वर हाय."
मान वळवून त्यानं यवतेश्वराच्या उताराकडं पाहिलं.
"टाकी तिकडं वर, तुमी हितं खाली.
पानी किती बी उतरू द्या, उंची इसरत न्हाई."

मग मोरीतला नळ उघडून त्यानं फटकन बंद केला.
ठक्.
माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात.
"क्लिपा सुटल्यात. पाइप आपटतोय भितीवर.
पल्याड बी ह्योच जातोय न्हवं?"
ह्योच जातो. जोड एक, घरं दोन.

पितळी व्हॉल्व्ह बसला, मूठभर, जड.
स्क्रू पिळत त्यानं काटा तीनवर आणला
आणि मीटर तिथंच ठेवला, लक्ष ठेवा म्हणाला.
बावीसशे. "निम्मं मास्तरांकडनं घ्या."

ती चिठ्ठी मी जपून ठेवली होती,
कधी पुरावा लागला तर म्हणून.
त्यांच्या ओळीखाली जागा होती. लिहिलं:
'पाइप होता. व्हॉल्व्ह बसवला आहे.'
पैशांचं लिहिलं आणि खोडलं.
खोडलेलं वाचता येत होतं, पण दुसरा कागद घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला पाणी आलं,
आल्याचं कळलंसुद्धा नाही. जाग मात्र आली.
मग भिंतीत
ठक्.
थांबून, ठक् ठक्.
बॅटरी घेऊन अंगणात गेलो.
काटा तीनवर. हललासुद्धा नव्हता.