चौऱ्याण्णव मार्क

अकितातल्या वृद्धाश्रमात क्वेन कामाला लागली
तेव्हा तिला जपानीत
शंभरपैकी चौऱ्याण्णव.

हात्सुए आजींना विचारलं, चहा देऊ?
"चांगलंय," त्या म्हणाल्या.
हिने ओतला.
कप तसाच गार झाला.

असं चार दिवस. मग दिसला
कपाच्या तोंडावर आडवा धरलेला तळवा,
जो कुठल्याच धड्यात नव्हता.

तेव्हापासून ती
आधी हातांकडे बघते, मग ऐकते.

आज ड्यूटी संपली. बाहेर गुडघाभर बर्फ.
दारातून ती चुकून बोलून गेली, "जाऊन येते."
हे आपल्याच घरातून निघताना म्हणायचं असतं;
पुस्तकात त्याखाली तिनेच लाल रेघ मारलेली.

आजींनी चूक सुधारली नाही.
"ये जाऊन," म्हणाल्या,
आणि रिकामा कप
जरासा पुढे सरकवला.