मंगळवारची घंटा

इतिवृत्ताच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे:
‘मंगळवारी रात्री साडेदहाला पंच कमिटीच्या परवानगीवाचून
देवळाची घंटा वाजवली. खुलासा मागवावा.’
खाली पाच सह्या. पहिली माझी.

का वाजवली, ते वहीत नाही.

आठवड्यात दोन लेकरं तापानं गेली होती
आणि भगतानं देवका टेकामचं नाव घेतलं.
तिला ओढत नेलं बाभळीखाली,
तुराट्या पेटवून.
आमच्या आळीत दारं लागत गेली एकामागून एक.
शुभ शुक्रवार जवळ आला होता. रविवारीच मी
पिलाताचा उतारा वाचला होता मंडळीपुढं,
पाण्याच्या भांड्यापर्यंत.
मी दिवा मालवला. बायकोला म्हणालो, प्रार्थना करू.
केलीही. डोळे गच्च मिटून.
गच्च मिटले की ऐकूही कमी येतं.

तेव्हा घंटा सुटली.
उपासनेची नव्हे, संथ, मोजून बारा टोल्यांची नव्हे,
गंजीला आग लागल्यासारखी.
सालोमी इंगळे, देऊळ झाडणारी, महिना चारशे,
नायलॉनच्या दोरीला अख्खी लोंबकळत होती,
चपला खाली, पाय वर.
माणसं बाहेर आली. विचारू लागली, कुठं, काय.
ती काहीच बोलली नाही, कंदील घेऊन चालू लागली
बाभळीकडे, आणि माणसं मागं.
तिथं काठ्या धरलेल्या एकेकाचं तिनं नाव घेतलं:
गजू. विठोबाचा संज्या. अरे प्रल्हाद, तू बी?
नाव घेतलेला एकेक जण
मागं मागं अंधारात सरकला.

उशीर झालाच होता. देवकाचा हात मोडला होता,
केस कापले होते.
ती आता भावाकडे असते, पांढरकवड्याला.

कमिटीपुढं सालोमी उभीच राहिली. खुर्ची होती.
‘घंटी कायले असते, साहेब?
झोपल्याईले उठवाले.
रविवारी त तुमी आंघोयी करून जागेच असता.’
मी लिहिलं: खुलासा समाधानकारक नाही.

मग दोरीला लोखंडी पेटी केली, कुलूप लावलं.
किल्ली माझ्या उशाखाली. दोन वर्षं.
पातळ उशी आहे, टोचते.

काल संध्याकाळी गेलो आणि दोरी बाहेर सोडून आलो.
ठराव नाही, सही नाही.
टोकाला गाठ मारली आणि खाली ओढून पाहिली,
एखाद्या लेकराच्याही हाताला लागेल
इतकी खाली.