पेव

सांगलीहून हरिपूरला येताना
चिंचा दोन्ही बाजूंनी अजून तशाच वाकलेल्या.
रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं थांबू?
म्हणाले, मुकादमांचं घर.
मग म्हणाले, जुनी पेवं होती तिथं.
"कसली पेवं?"
पंचविशीतला असेल.
पेपरात रोज कशाला ना कशाला पेव फुटतं,
लिहिणाऱ्यानंही पाहिलेलं नसतं.

दोन खोल्या, पत्रा, मोरीच्या पाण्यावर वाढलेली पपई.
भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
पाचची खांद्याला, एकोणीसची डोक्यावर हातभर.
दादा आधीच आलेला.
किल्ली त्याच्याकडं, कागद त्याच्याकडं,
थर्मासमधला चहाही त्याच्याकडंच.
एजंट साडेचारला येणार.

आप्पा व्यापाऱ्यांची हळद राखायचे.
वर पावती, खाली वीस फूट काळोख.
तोंड उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही.
आधी वाफ जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
एवढाच नियम. पोरांनाही पाठ.

तळ खरवडायला मल्लू उतरायचा,
सिद्राम हमालाचा, अंगानं काटकी.
वर यायचा तो पापण्यांपर्यंत पिवळा.
नवरदेव, नवरदेव, म्हणून आम्ही नाचायचो
आणि तो कुत्र्यासारखं अंग झाडायचा आमच्यावर.

त्या दिवशी ट्रक उभा होता. हॉर्नवर हॉर्न.
आप्पांनी विचारलं, "जळतोय का गं?"
मी खाली पाहिलं.
म्हणाले, जळतोय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सिझरच्या वेळी, भूल देताना
डॉक्टर म्हणाले, शंभरपासून उलटे मोजा,
तेव्हाही दात आवळून मोजले,
आकड्यांमागून हे निसटू नये म्हणून.

आज दादाला सांगितलं.
तो चहा ओतत होता.
कप भरला, बशी भरली, तो ओततच राहिला.
मग म्हणाला,
"तू नव्हतीस तिथं, माले.
तुला गोवर होता. आत गोधडीत होतीस.
कंदील माझ्या हातात होता.
मला विचारलं त्यांनी. जळतोय का रं?"

मी म्हटलं, गं.
तो म्हणाला, रं.
पन्नाशी उलटलेली दोन माणसं
एका अक्षरासाठी भांडलो,
वाटणीत भांडलो नव्हतो इतके.

बाकीचं जुळलं.
चिंचेखाली निजवलेला मल्लू,
बुक्कीनं फोडलेला कांदा,
त्याची एकच टाच हळद न लागलेली, पांढरी.
रात्री सिद्रामचं बिऱ्हाड जतकडं निघालं.
गाडीत एक पोतं हळद होतं, आप्पांनी दिलेलं.
मल्लू गाडीत बसला होता की निजला होता,
ते मी पाहिलं नाही. दादानंही नाही.
आई म्हणाली, गावाला गेली ती.
पुढं आमच्यात कुत्रं गावाला गेलं,
आप्पाही गावालाच गेले.

एजंट आला. टाच आपटत आवारभर फिरला.
"खाली पोकळ नाही ना काही?"
दादा म्हणाला, "पुरानं सगळी बुजवली."
एवढं बोलून त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं.

एजंट गेल्यावर
पपईमागचा दगड आम्ही पहारीनं सरकवला.
आधी वास आला. चाळीस वर्षांचा, दमट, कडवट.
थांबलो. वाफ जाऊ दिली.
मग दादानं मोबाईलची बॅटरी लावली,
सुतळीनं बांधून खाली सोडली.
हा उजेड विझत नाही,
खाली काहीही असलं तरी.

मी पालथी पडले काठावर.
वरून दादाचा आवाज,
"जळतोय का?"
पुढं काही नाही. गं नाही, रं नाही.

या खेपेला मी
बराच वेळ पाहत राहिले.