डाव्या बाजूचा आवाज

एकतीस वर्षं जॉबर होतो, अक्कलकोट रोडला.
चोवीस मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा अडखळतोय
ते चहा पिता पिता सांगायचो.
कारखाना विकला, कान रिकामे झाले.

म्हणून मला आधी कळलं.

नात मौनिका पुण्याला हॉस्टेलवर गेली,
तिचा गिनीपिग आमच्याकडे राहिला. नाव फुटाणा.
याचा जबडा वर-खाली नाही, आडवा चालतो,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, धोट्यासारखा.
त्या दिवशी डावीकडे गेला
तो परत यायलाच वेळ लावत होता.
बायको म्हणाली, "काय करलालाव ओ, उंदराला कान लावून?"

डॉक्टर बिराजदारबाईंनी तोंडात बारका दिवा घातला.
खालच्या दाढा वाढून जिभेवर कमान धरलेली,
जीभ खाली दबून.
"यांचे दात मरेपर्यंत वाढतात," म्हणाल्या,
"गवत चावून झिजले तर ठीक."
मी जिभेनं माझी कवळी चाचपली.

भूल दिली, दात घासले.
भूल उतरली. भूक काही चढली नाही.

सहाशे नव्वद. सहाशे बासष्ट. सहाशे एकतीस.
हिच्या शेंगाचटणीच्या काट्यावर रोज सकाळी,
पुड्या भरायच्या आधी.
गवत दळायला जुना मिक्सर दिला हिनं,
"चटणीच्या भांड्याला हात लावला तर बघा."
भिजवलेल्या गोळ्या, गवताची पूड, ढोबळी मिरचीचा रस,
बिनसुईची सिरिंज, गालाच्या कडेनं.
समोरून नाही, ठसका लागतो.
एक एमएल. थांबायचं. गिळू द्यायचं.
पुन्हा तीन तासांनी, रात्री दोनलाही.

गुंडाळायला टॉवेल आमच्याच कारखान्याचा,
सेकंडचा माल, काठाला एक तार सुटलेली.
कुठल्या मागाची चूक ते अजून सांगू शकतो.
मे महिना, त्रेचाळीस डिग्री,
माठाला टेकवून त्याचा खोका ठेवलेला.
चार दिवसांनी नळाला पाणी आलं,
बॅरल भरेपर्यंत अर्धा तास उशीर झाला.
तो कोपऱ्यात, केस फुलवून, भिंतीकडे तोंड.
मी त्याची माफी मागितली. तेलुगूत.

अकराव्या दिवशी बाई म्हणाल्या,
स्नायू सैल पडलेत, जबड्याला आधार देऊन बघू,
पट्टी हनुवटीखालून डोक्यावर, घट्ट नको.
घरी येऊन हिनं टॉवेलाची पट्टी कापली
आणि कात्री हातात तशीच राहिली.

अशी पट्टी या घरात एकदाच बांधलेली.
यल्लप्पाला. माझ्या धाकट्या भावाला.
पुड्या खाऊन खाऊन त्याचं तोंड
आधी तीन बोटं उघडायचं, मग दोन,
मग बोटच जाईना.
शेवटी नाकातून नळी, नळीतून पेज.
ती त्याची बायको द्यायची, दर तीन तासांनी.
मी शेजारच्याच खोलीत राहायचो.
माझी रातपाळी होती.
दिवसा झोपायला लागायचं.

गेल्यावर रीत म्हणून हनुवटी बांधली.
मिटलेलंच तोंड, तरी बांधली.
गाठ मी मारली होती.

ही म्हणाली, "बांधा की ओ. हा जिता आहे."

बोटं थरथरली. धाग्याची गाठ
डोळे मिटून मारणारी बोटं ही.
दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.
फुटाणा रुसलेल्या म्हातारीसारखा दिसायला लागला,
फडकं बांधलेल्या.
ही हसली. मग आत गेली.

परवा रात्री लाइट गेली.
पंखा थांबला, गल्लीतले कूलर थांबले,
सगळ्या नीलम नगरात आवाज नाही.
कवळी ग्लासात, मी चटईवर,
दोनच्या खुराकाची वाट बघत.

कुर्र.

कोथिंबिरीचं देठ असावं, मीच ठेवलेलं,
वास तरी घेईल म्हणून.
पुन्हा कुर्र. थांबला.
डावीकडे गेला.

परत आला.

उठलो नाही. बॅटरी लावली नाही. हिला हाक मारली नाही.
माग चालू असताना
जॉबर हात घालत नाही.