रक

डाव्या हाताची करंगळी
सातपूरच्या पॉवर प्रेसनं नेली, तेव्हापासून
कीबोर्डचा वरचा डावा कोपरा मला परका.
आणि हा एडिटर असा, की लिहायची खोली वेगळी,
फिरायची वेगळी,
लिहिण्यातून बाहेर पडायला दर वेळी तोच कोपरा, एस्केप.
नसलेलं बोट उचललं जातं.
खाली काही वाजत नाही.

म्हणून सेटिंगच्या फायलीत एक ओळ टाकली:
र आणि क लागोपाठ आले की बाहेर.
उजव्या हाताची दोन बोटं, एका रिक्षातून निघाल्यासारखी.
पहिला दिवस मजेत गेला,
नुसती नावं आणि तारखा होत्या.

दुसऱ्या दिवशी युनियनचं पत्र.
'पगारातला फरक' लिहिलं,
पडद्यावर फ उरला नुसता, कर्सर दाराबाहेर.
'सरकार' लिहायला गेलो, स लिहून हाकललो गेलो,
शेवटचा र हुकूम समजून
कर्सर एक ओळ खाली उतरला.
हरकत. बारकावे. नरक.
(करंगळी मात्र शाबूत उमटते,
तिच्यात क आधी.)

चार दिवस सरकारला शासन म्हणत काढले.
फरकाला दुसरा शब्द नाही.
चौदा महिन्यांचा आहे, एकसष्ट जणांचा.

मग पुष्पलता गायधनींना फोन लावला,
तीस वर्षं प्रुफं तपासलेल्या:
मराठीत कोणतं अक्षर स्वतःच्याच शेजारी बसत नाही?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, थांब, चष्मा घेते.

गग? गगन.
तत? सतत.
बब? आमचा वॉचमन बबन, त्याचाही क्लेम आहे.
पप नको, निम्म्या अर्जांवर पत्ता पपया नर्सरी.
दद मला चाललं असतं, त्यांनीच अडवलं:
ददात. कशाची ददात नाही, म्हणतात ना.
तुमच्या पत्रांत यायचा नाही तो शब्द,
पण असू दे जागा त्याला.

शेवटी हह.
हसताना मध्ये काना लागतो, त्या म्हणाल्या,
नुसतं हह कुणी लिहीत नाही.

आता प्रत्येक मागणी लिहून झाली
की अर्धवट हसून मी बाहेर पडतो.

परवा कामगार आयुक्तांच्या कचेरीतून फोन.
तिथल्याच मशीनवर घाईत एक दुरुस्ती करून आलो होतो.
आपला विश्वासू, सही, शिक्का, सगळं बरोबर आहे,
पण खाली हे हह काय?

म्हटलं, करंगळी आहे ती.