अंमल

हणजूणच्या उतारावर, पहाटे पावणेचारला
यंत्र त्याच्या तोंडाशी धरलं.
फुंक म्हटलं. फुंकलं.
शून्य.

भाड्याची स्कूटर, काळ्या पाटीवर पिवळे आकडे,
आणि डोळ्यांतली बाहुली एवढी मोठी
की माझी बॅटरी तिच्यात बुडाली.

यंत्राला दारू तेवढी कळते.
कलमात दारूला आकडा आहे,
बाकीच्या नशेला नुसतं वाक्य:
ताबा ठेवण्यास असमर्थ.
हे असमर्थ मी मोजू कशानं?
पांढऱ्या पट्टीवरून चालवलं त्याला.
नऊ पावलं सरळ गेला, दहाव्याला थांबून
पट्टीलाच सॉरी म्हणाला.

वेळीप हवालदार जीपमधून: अगं, सोड,
बांबोळीला रक्त काढायचं म्हणजे सकाळ गेली.
सोडला नाही. साहेबांना अंमलबजावणी हवी असते,
आणि अंमल तर तिथंच होता, त्याच्या डोळ्यांत चढलेला.
बाटलीवर नाव घातलं, वेळ घातली.
रिपोर्ट कधी, ते कुणी विचारत नाही.

सात वाजता सुटले.
सर्दीची पिवळी गोळी रात्री एक, दोन वाजता आणखी एक;
पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत: गुंगी येऊ शकते.
म्हापशाच्या वळणावर पोदेराचा भोंगा
मला दोनदा ऐकू आला,
एकदा दुरून, एकदा चाकाशी.

सायकल आडवी. पाव रस्ताभर.
त्यानं गुडघा झटकला, माझी खाकी पाहिली,
आणि तोच म्हणाला, सॉरी मॅडम.

पाव गोळा करू लागले. अजून गरम होते.
पैसे काही केल्या घेईना.